आजोबांना नाकारलेला धोटा

गेल्या वर्षी आमच्या थोरल्या भावाने नायगावच्या बी.डी.डी. चाळीतील खोली पुनर्विकासासाठी रिकामी केली. १६० चौरस फुटांच्या त्या एका खोलीत आमच्या तीन पिढ्या वाढल्या. पोटमाळ्यावरचे सामान खाली काढताना एक पत्र्याची ट्रंक निघाली. तिच्यात आमच्या वडिलांचे गिरणीचे तिकीट होते, आजोबांच्या नावाच्या युनियनच्या वर्गणीच्या दोन-तीन पावत्या होत्या, बाबासाहेबांचा एक जुना फोटो होता आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला एक लाकडी धोटा होता.

आमची पुतणी कॉलेजात शिकते. तिने तो धोटा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "काका, ही होडी कुणाची?"

आम्हाला क्षणभर हसू आले, पण लगेच वाईटही वाटले. जिच्या पणजोबांनी आणि आजोबांनी गिरणीत हाडांची काडे केली, त्या मुलीला धोटा ओळखता येऊ नये? दोष तिचा नाही. दोष आमचा आहे. आम्ही तिला बाबासाहेबांची जयंती दाखवली, दीक्षाभूमी दाखवली. पण ज्या गिरणगावात बाबासाहेब राहिले आणि लढले, त्या गिरणगावातील आपल्या माणसांची कहाणी आम्ही तिला कधी सांगितलीच नाही. ती या धोट्यापासून सुरू होते, म्हणून आजचा हा लेख.

धोट्याला तोंड कोण लावणार?

कापड विणताना उभ्या धाग्यांमधून आडवा धागा नेण्याचे काम धोटा करतो. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवलेली असते. कांडी संपली की विणकर नवी कांडी घालतो आणि तिचा दोरा धोट्याच्या बाजूच्या बारीक छिद्रातून बाहेर काढतो. जुन्या मागांवर हा दोरा काढायची एकच झटपट रीत होती. छिद्राला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढून दोरा बाहेर खेचायचा. दिवसातून कितीतरी वेळा हे करावे लागे. एक विणकर सुटला की दुसऱ्या पाळीचा विणकर तोच धोटा तोंडाला लावत असे.

ही रीत आरोग्याला घातक होती. सुताचा कोंडा घशात जाई आणि क्षयासारखा रोग एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाण्याचे भय असे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने याच कारणासाठी १९११ साली अशा धोट्यांवर कायद्याने बंदी घातली. आमच्या मुंबईत मात्र धोट्याला रोग चिकटतो याची फिकीर कुणी केली नाही. विटाळ चिकटतो याची फिकीर मात्र सगळ्यांनी केली! ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले, त्याला आम्ही ओठ कसे लावणार, असे स्पृश्य विणकर म्हणू लागले. परिणामी बहुतेक गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साळखात्याचा दरवाजा बंद झाला. त्याने रिंग खात्यात राबावे, साफसफाई करावी, ओझी वाहावीत. साळखात्यातील पगार रिंग खात्यापेक्षा बराच जास्त होता. म्हणजे विटाळाची किंमत दर महिन्याच्या पगारातून वसूल होत होती आणि ती आपल्या घरातील चुलीवर कमी पडणाऱ्या भाकरीने मोजली जात होती.

आमचे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईत आले ते १९२८ च्या संपाच्या सुमारास. जॉबरच्या हातावर पैसे ठेवल्यावर रिंग खात्यात बदलीचे काम मिळाले. पुढे कायम झाले आणि सारी नोकरी त्याच खात्यात काढली. शेजारच्या साळखात्यातील मागांचा खडखडाट त्यांनी आयुष्यभर ऐकला, पण मागाला हात कधी लागला नाही.

रविवारची सुट्टी कुणाची कमाई?

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. त्या काळात गिरणीचे काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले. हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती, पगाराची तारीख नक्की नव्हती आणि यंत्रात हात गेला तर भरपाई नव्हती.

या कामगाराला प्रथम एकत्र आणले ते महात्मा जोतिराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते. १८८४ साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला गेला. रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, पगार वेळेवर व्हावा, अपघातात जखमी झालेल्याला मदत मिळावी, अशा साध्या माणुसकीच्या मागण्या त्यात होत्या. सुट्टीची मागणी मान्य व्हायला १८९० साल उजाडले. १८९७ च्या प्लेगमध्ये लोकांची सेवा करताना लोखंडे यांना स्वतःला लागण झाली आणि त्यांचा अंत झाला.

आज रविवारी आपण मुलांना घेऊन बाहेर पडतो. ती सुट्टी कॅलेंडर छापणाऱ्याने दिलेली नाही, हे मुलांना एकदा जरूर सांगावे.

लोखंडे यांच्यानंतरचे दुसरे नाव सीताराम केशव बोले यांचे. त्यांच्या पुढाकाराने १९०९ साली कामगार हितवर्धक सभा निघाली. हेच रावबहादूर बोले पुढे मुंबई कायदे कौन्सिलात गेले आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा ठराव त्यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर करून घेतला. याच ठरावाच्या आधारे महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले आणि तो हक्क प्रत्यक्ष बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले. गिरणगावातील कामगार कार्य आणि महाडची क्रांती अशी एकमेकांच्या हातात हात घालून उभी आहे.

१९२८ : संपातला आपला प्रश्न

एप्रिल १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने, भोंगे मुके राहिले. याच संपात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. ना. म. जोशी यांची युनियन त्याआधी दोन वर्षे कामाला लागलेली होती. पगारकपात आणि कमी माणसांकडून जास्त काम घेण्याची मालकांची योजना यांविरुद्ध हा झगडा होता. आपले लोकही त्यात उपाशी राहिले.

मग बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना एक सरळ प्रश्न केला. मालकांपुढे तुम्ही मागण्यांची यादी ठेवता. मग अस्पृश्य कामगाराला सर्व खात्यांत, साळखात्यातही, काम करण्याचा हक्क असावा ही मागणी तीत का नाही? ही मागणी घेतली नाही तर आपण आपल्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगू, असे त्यांनी बजावले. तेव्हा कुठे नाखुशीने ही मागणी यादीत आली. मालकांनी त्यावर दिलेले उत्तर कडवट होते, पण खोटे नव्हते. हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही, असे त्यांनी पुढाऱ्यांना सुनावले.

वाचकहो, या उत्तराचा नीट विचार करा. कामगार एकजुटीच्या घोषणा देत होते, पण एकाच छपराखाली भाऊ भावाला मागाजवळ येऊ देत नव्हता. ती भिंत मालकाने बांधलेली नव्हती. मालकाला फक्त तिचा फायदा मिळत होता. ज्या कामगारांत अशी फूट आहे, त्यांच्या एकजुटीला मालक कशाला भिणार?

पुढच्याच वर्षी पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला गेला. सहा महिन्यांच्या उपासमारीतून आणि सावकाराच्या कर्जातून माणसे अजून वर आलेली नव्हती, म्हणून बाबासाहेबांनी त्या संपाला विरोध केला. त्यावरून त्यांना कामगारविरोधी म्हणणारेही निघाले. ते किती खोटे होते, हे पुढच्या दहा वर्षांत दिसले.

परळच्या चाळीतला बॅरिस्टर

बाबासाहेबांना कामगारांचे जिणे पुस्तकातून शिकावे लागले नाही. लोअर परळच्या डबक चाळीत त्यांचे बालपण गेले. पुढे परळच्या पोयबावडीजवळील बी.आय.टी. चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत, त्यांचा संसार झाला. परदेशातून सर्वोच्च पदव्या घेऊन आलेला हा माणूस १९३४ पर्यंत त्याच चाळीत राहिला. परळच्या दामोदर हॉलजवळ त्यांचे कार्यालय होते. गिरणीचा भोंगा आणि नळावरची रांग त्यांच्या रोजच्या ऐकण्या-पाहण्यातली होती.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगाराचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले. धोट्याचा विटाळ मानणारा विणकर स्वतः कामगार होता. पण ती वृत्ती त्याच्याही अंगात होती.

त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांचे बिल आणले. तडजोडीची सक्ती आणि त्या काळात संप केल्यास शिक्षा, असा त्याचा रोख होता. संप करण्याचा हक्क म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याचाच हक्क, असे बाबासाहेबांनी विधिमंडळात ठणकावले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी वाद झाला, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून बाबासाहेब उभे राहिले. परळच्या कामगार मैदानावर अफाट सभा झाली. आमचे आजोबा त्या सभेला होते. पुढे कितीही आजारी असले तरी हा दिवस सांगताना ते उठून बसत, असे आमचे वडील सांगत.

बिल मात्र मंजूर झाले. त्याची जागा पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण ते पुढे पुन्हा येणार आहे.

माता-भगिनींचे काय?

गिरणगावाचा इतिहास म्हटले की पुरुषांचीच नावे येतात. पण वाइंडिंग खात्यात हजारो बायका उभ्याने राबत होत्या आणि बाळंतपणापर्यंत कामावर येत होत्या, कारण खाडा म्हणजे पगार बुडाला. १९२८ साली मुंबई कौन्सिलात प्रसूती-लाभाचे बिल आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे आणि ती ज्याच्यासाठी राबते त्या मालकाने त्याचा काही भार उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीमुळे १९४६ साली कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आज ऑफिसात पगारी प्रसूती-रजेचा अर्ज भरणाऱ्या आपल्या लेकी-सुनांनी या रजेमागे कुणाचा घाम आहे, हे जाणून घ्यावे.

धोटा घरी आला

आमचे वडील साठच्या दशकात गिरणीला लागले. तोपर्यंत देशात संविधान आले होते, अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरले होते आणि १९५६ च्या धम्मदीक्षेने आपला माणूस ताठ चालू लागला होता. काही वर्षे बदलीत काढल्यावर वडिलांना साळखात्यात माग मिळाला. सुरुवातीला शेजारच्या मागावरचा एक म्हातारा विणकर पाळी बदलताना वडिलांचा धोटा बाजूला ठेवून स्वतःचा वापरीत असे. वडील काही बोलले नाहीत. काम चोख करीत राहिले. युनियनच्या मीटिंगला त्या विणकराच्याच शेजारी बसू लागले. दीड-दोन वर्षांनी त्या म्हाताऱ्यानेच एके दिवशी वडिलांचा धोटा उचलून दोरा ओढला.

झिजून बाद झालेला एक धोटा वडिलांनी खात्यातून मागून घेतला आणि घरी आणला. आजोबा तेव्हा थकले होते. त्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ बोटांनी चाचपला आणि एवढेच विचारले, "ह्याला तोंड लावलंस?" वडील म्हणाले, "रोज लावतो, बाबा." आजोबांनी तो आपल्या उशाशी ठेवून घेतला. ट्रंकेत सापडला तो हाच.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मूळ दुखणे पगार-बोनसाचे होतेच, पण १९४६ च्या त्याच कायद्याचेही होते. त्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच कामगारांचा अधिकृत प्रतिनिधी मानले होते. कामगारांचा विश्वास दुसऱ्या पुढाऱ्यावर असला तरी बोलणी त्याच्याशी करायला मालक बांधील नव्हते. १९३८ साली कामगार मैदानावर दिलेला इशारा चव्वेचाळीस वर्षांनी खरा ठरला.

तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. लाखाहून अधिक कामगार कायमचे घराबाहेर फेकले गेले. आम्ही तेव्हा चार-पाच वर्षांचे होतो. घरातील तांब्या-पितळेची भांडी एकेक करून कमी होत गेली, एवढे आठवते. आई चार घरची धुणी-भांडी करू लागली. वडिलांना गिरणीने परत घेतले नाही. उरलेली वर्षे त्यांनी एका इमारतीच्या दारावर वॉचमन म्हणून काढली. पण आमची शाळा त्यांनी सुटू दिली नाही. आज आम्ही बी.कॉम. होऊन टेबलावर बसतो, ते त्या धुण्या-भांड्यांच्या आणि रात्रपाळ्यांच्या बळावर.

गिरण्या गेल्या, कामगार गेला का?

आज गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे आहेत. दादरच्या इंदू मिलची जमीन मोठ्या आंदोलनानंतर बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळाली, याचा आपल्याला अभिमान आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ही आनंदाची गोष्ट आहे.

पण टॉवरमध्ये राहायला गेलेल्या आपल्या मुलांच्या नोकऱ्या पाहा. कुणी कंत्राटावर, कुणी मोटारसायकलवरून पार्सल पोचवतो, कुणी सिक्युरिटीत. तिकीट नाही, युनियन नाही, बोनस नाही. मुंबई शहराचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांत बहुसंख्य आपलेच बांधव आहेत. त्यांना कामगार म्हणायचेच नाही, म्हणून महापालिकेने त्यांच्यापैकी अनेकांना 'स्वयंसेवक' हे गोंडस नाव दिले होते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने त्यांना संघटित केले, वर्षानुवर्षे न्यायालयात झुंज दिली आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. संघटना केली तर आजही न्याय मिळतो, याचा हा पुरावा आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कोणत्याही उद्योगात संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आता सक्तीची आहे. १९३८ चा वाद संपलेला नाही, हे यावरून समजावे.

आम्ही पुतणीला हे सारे एका रविवारी बसून सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने एक वही आणली आणि आपल्या आजीला, म्हणजे आमच्या आईला, संपाच्या दिवसांबद्दल एकेक विचारून लिहून घेऊ लागली. आई आधी म्हणाली, "त्यात काय सांगायचं?" आणि मग दोन तास सांगत राहिली.

आमचे वाचकांना एवढेच मागणे आहे. घर बदलताना गिरणीचे तिकीट, बदली कार्ड, युनियनची पावती भंगारात टाकू नका. घरात जे वडीलधारे हयात आहेत, त्यांच्याजवळ बसा आणि ते कोणत्या खात्यात होते, पाणी कुठे पीत होते, कोणत्या सभेला गेले होते, ते मुलांच्या हस्ताक्षरात लिहून घ्या. येत्या जयंतीला विहारात या वस्तूंचे एक लहानसे प्रदर्शन मांडा. आणि आपला मुलगा कंत्राटावर लागला असेल, तर त्याच्या ठिकाणी संघटना आहे का, नसेल तर का नाही, हे त्याला विचारा.

मालकाशी लढताना शेजाऱ्याने केलेला अपमान गिळायचा नाही आणि शेजाऱ्याशी भांडताना मालकाला मोकळे सोडायचे नाही, हा बाबासाहेबांनी गिरणगावात शिकवलेला धडा आहे. आमच्या आजोबांना जो धोटा नाकारला गेला, तो आज आमच्या नव्या खोलीत त्यांच्या फोटोखाली ठेवला आहे. आता घरात येणारे एखादे लहान मूल त्याला होडी म्हणाले, तर पुतणीच त्याला जवळ बसवून सांगते.